वादळात नौका हाकणारी कामिय

मैत्रिणींनो, आपल्या वसमतला बसून समुद्राच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे जरा गंमतच. पाणी म्हटलं की आपल्याला सिद्धेश्वर आणि येलदरी ही दोन धरणं आठवतात, आणि कॅनॉलला पाणी कधी सुटणार ही काळजी. समुद्र आपण बघतो तो सहलीत, साडी घोट्याच्या वर धरून, लाटेला भिऊन मागे पळत. तरीही आज मी समुद्रावर वेगाची नौका हाकणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगणार आहे. ती फ्रान्सची, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची. पण तिच्याविषयी वाचताना मला आमच्या बचत गटातली एक मैत्रीण आठवत राहिली, आणि माझी एक चूकही.

आधी माझा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी गटाच्या आम्ही चौदा-पंधरा जणी मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहिला, मासे न खाणाऱ्यांनी सोलकढी-भातावर भागवलं, आणि तारकर्लीला कुणाला तरी स्पीड बोटीत बसायची हुक्की आली. साडीवर लाइफ जॅकेट चढवून आम्ही सहा जणी बसलो. पहिलं मिनिट नुसता हशा. मग बोट मोकळ्या पाण्यात गेली आणि हसणं बंद झालं. लाट आली की बोट वर उचलली जायची आणि धाडकन खाली आपटायची. पाणी मऊ असतं असं आपण समजतो, पण वेगात त्यावर आपटलं की ते शहाबादी फरशीसारखं लागतं. मी दात आवळून, दांडा घट्ट धरून, ताठ बसले होते. पाच-सात मिनिटांची ती फेरी. दुसऱ्या दिवशी मान वळत नव्हती आणि कंबर धरून मी बसमध्ये चढले.

बोट चालवणारा पोरगा मात्र मजेत उभा होता. उभा म्हणजे गुडघे थोडे वाकवून, अंग सैल सोडून. एक हात चाकावर, दुसरा बाजूच्या एका दांड्यावर, आणि तो दांड्यावरचा हात सारखा पुढे-मागे होत होता. उतरल्यावर मी त्याला विचारलंच, की बाबा, तू सारखं ते काय ओढत होतास? तो म्हणाला, की हा वेगाचा दांडा, थ्रॉटल. बोट लाटेवरून उडायला लागली की वेग सोडायचा, पाण्यात परत टेकली की द्यायचा. सगळा वेळ वेग धरून ठेवला तर बोटही मोडेल आणि बसलेल्यांच्या कमराही.

म्हणजे वेगाची बोट चालवण्याचं खरं कसब वेग वाढवण्यात नाही, तो नेमका कधी सोडायचा यात आहे. आपण दूध उतू जायच्या क्षणी गॅस बारीक करतो ना, तसंच. फक्त इथे दूध दर दोन सेकंदाला वर येतं!

घरी आल्यावर मुलाने सांगितलं, की याच्या मोठ्या शर्यती असतात. २०१७ च्या मार्चमध्ये मुंबईला मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रात अशी आंतरराष्ट्रीय शर्यत झाली होती. मग मी जमेल तसं वाचत गेले. खुल्या समुद्रातल्या मोटरबोटींच्या शर्यतीला आता वेगळं स्थान आहे. सगळ्यात वरच्या गटातल्या बोटी ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातात. बहुतेक बोटींवर दोघं असतात. काही गटांत एक जण चाक सांभाळतो आणि दुसरा फक्त थ्रॉटल. बोट लाटेवरून हवेत गेली की मागचा पंखाही पाण्याबाहेर येतो. त्याला पाण्याचा अडसर राहत नाही, म्हणून इंजिन बेफाम फिरायला लागतं. तसंच फिरत असताना पंखा पुन्हा पाण्यात शिरला तर दांडा तुटतो, गिअर फुटतात. म्हणून बोट हवेत असेपर्यंत वेग सोडायचा आणि पाण्याला टेकता टेकता परत द्यायचा. हे डोळ्यांनी बघून जमत नाही. कानाने इंजिन ऐकायचं आणि तळपायांनी बोट ओळखायची.

शरीराचे हाल तर विचारू नका. प्रत्येक आपटणं गुडघ्यांतून कंबरेत आणि कंबरेतून मानेत जातं. डोक्यावर हेल्मेटचं वजन, आत घाम, बाहेर उकाडा. मूठ आवळून आवळून हाताला गोळे येतात. अंग ताठ ठेवलं तर मणका दुखावतो, सैल सोडलं तर फेकलं जायला होतं. त्यामुळे पोट, मांड्या आणि पाठ यांना व्यायामाने तयार करावं लागतं. बंद बोटी चालवणाऱ्यांना आणखी एक शिक्षण घ्यावं लागतं. पाण्याखाली उलट्या झालेल्या खोक्यात पट्टे बांधून बसायचं आणि न घाबरता पट्टे सोडून बाहेर यायचं. घाबरगुंडी उडाली की पट्टा सापडत नाही.

इथपर्यंत वाचलं आणि वाटलं, हे सगळं तरुण पुरुषांचं काम. तर अमेरिकेच्या बेटी कुक यांचं नाव समोर आलं. या बाईंनी १९७७ साली खुल्या समुद्रातल्या शर्यतींचं जागतिक विजेतेपद मिळवलं, १९७९ ला परत मिळवलं. पहिल्या वेळी त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं. मग उत्सुकता वाढली, की बायकांनी हे सुरू कधी केलं असेल? शोधता शोधता मी पोचले १९०५ सालात, आणि तिथे मला भेटली कामिय द्यू गास्त.

कामियचा जन्म ३० मे १८६८ चा, पॅरिसचा. लग्नाच्या आधीचं नाव मारी मार्थ कामिय देसँज. लहानपणापासून अंगात धीटपणा होता. घोडेस्वारी, तलवारबाजी, नेमबाजी सगळं यायचं. त्याचबरोबर पियानो उत्तम वाजवायची आणि गायचीही. १८९० साली तिचं लग्न ज्यूल क्रेस्पँ यांच्याशी झालं. पॅरिसमध्ये द्युफायेल नावाचं फार मोठं दुकान होतं, हप्त्यावर वस्तू विकण्यासाठी प्रसिद्ध असलेलं. त्यात क्रेस्पँ यांचा मोठा हिस्सा होता. नवरा बायकोच्या धाडसाचं कौतुक करणारा निघाला. १८९५ साली कामियने बलूनमधून सुमारे ६०० मीटर उंचीवरून पॅराशूटने उडी मारली. त्या काळी आपल्याकडे मुलीने शाळेत जावं की नाही यावर वाद चालू होते, हे लक्षात घ्या.

आणि मग नवरा गेला. तिशीही गाठली नव्हती तोवर ती विधवा झाली. पदरी एक मुलगी, दियान. पैसा मात्र भरपूर. तरुण, देखणी, श्रीमंत विधवा म्हटल्यावर काय काय वाट्याला येतं, ते पॅरिस असो की परभणी, सारखंच असावं. घरच्याच माणसांशी कोर्टकज्जा उभा राहिला. १९०२ साली भर कोर्टात विरुद्ध बाजूच्या वकिलाने सांगून टाकलं, की एका प्रसिद्ध चित्रात फक्त चेहऱ्यावर मुखवटा घातलेली जी नग्न बाई दिसते, ती म्हणजे हीच. आरोप खोटा होता. ते चित्र काढणारे हेन्री जेर्व्हे हे हयात होते, त्यांनी नाकारलं. चित्रासाठी बसलेली खरी बाईही पुढे आली. पण तोवर सगळ्या पॅरिसने चवीने चघळून झालं होतं. बाईला हरवता येत नसेल तर तिच्या चारित्र्यावर बोट ठेवायचं, ही युक्ती किती जुनी आहे बघा.

कामिय घरात तोंड लपवून बसली नाही. १८९८ मध्येच तिने मोटार चालवण्याचा परवाना मिळवला होता. असा परवाना मिळवणारी फ्रान्समधली ती दुसरी बाई. १९०१ साली ती पॅरिस ते बर्लिन या शर्यतीत उतरली. अंतर हजार किलोमीटरच्या वर, रस्ते मातीचे, गाडीला ना छप्पर ना समोर काच. तिला सगळ्यांच्या शेवटी सोडलं, १२२ वी. ती पोचली ३३ वी. म्हणजे वाटेत किती जणांना मागे टाकलं, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

पण तिची खरी ओळख पटते ती १९०३ च्या पॅरिस ते माद्रिद शर्यतीत. ही शर्यत इतिहासात काळ्या अक्षरांनी लिहिलेली आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोकांची झुंबड, मध्ये धुळीचे लोट, आणि त्यातून सुसाट गाड्या. पहिल्याच दिवशी इतके अपघात झाले, की सरकारने बोर्दो गावातच शर्यत बंद पाडली. रेनॉ गाड्यांच्या घराण्यातला मार्सेल रेनॉ याच शर्यतीत गेला. कामिय त्या दिवशी फार छान चालवत होती. २९ व्या क्रमांकावर निघून ती एका वेळी सहाव्या जागेपर्यंत आली होती. तेवढ्यात रस्त्याकडेला तिला उलटलेली गाडी दिसली. फिल स्टेड नावाचा चालक गाडीखाली अडकला होता.

तिने गाडी थांबवली. शर्यतीत, सहाव्या क्रमांकावर असताना! त्याला गाडीखालून काढण्यात मदत केली, मदत येईपर्यंत त्याच्याजवळ थांबली, आणि मगच पुढे निघाली. तोवर कितीतरी गाड्या पुढे गेल्या होत्या. ती थांबली नसती तर स्टेड वाचला नसता, असं त्याच शर्यतीतल्या एका चालकाने पुढे नोंदवून ठेवलं आहे.

या बाईला यानंतर काय मिळालं असेल? बंदी. १९०४ मध्ये मोटार शर्यतींची दारं बायकांना बंद झाली. कारण काय, तर बायकांचा स्वभाव नाजूक, त्या चटकन बावरतात, उत्तेजित होतात, त्यांच्या हाती वेग देणं धोक्याचं. पॅरिस-माद्रिदच्या रस्त्यावर भान सुटलं होतं ते कुणाचं आणि भानावर राहिलं होतं कोण, हे कुणी विचारलं नाही. कामियने वर्तमानपत्रात पत्र लिहून निषेध केला. उपयोग झाला नाही.

मग तिने काय करावं? रस्ता बंद तर समुद्र. मोटरबोटींच्या शर्यती तेव्हा नव्या होत्या आणि बायकांना मनाई करायचं तिथे अजून कुणाला सुचलं नव्हतं. शेजारच्या इंग्लंडची डोरोथी लेव्हिट ही टायपिस्ट-सेक्रेटरीचं काम करणारी मुलगी १९०३ मध्येच आयर्लंडच्या कॉर्क बंदरातल्या शर्यतीत मोटरबोटीवर दिसली होती. कामिय आधी सेन नदीवर आणि मग १९०५ च्या एप्रिलमध्ये मोनॅकोच्या समुद्रात उतरली. आणि मे महिन्यात आली ती मोठी परीक्षा.

शर्यत होती आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या अल्जिअर्सहून फ्रान्सच्या तुलोन बंदरापर्यंत. भूमध्य समुद्र आडवा ओलांडायचा. मध्ये मिनोर्का बेटावरच्या मॅहॉन बंदरात थांबा. दोन्ही टप्पे मिळून सरळ रेषेत अंतर साधारण साडेसातशे किलोमीटर. वसमतहून मुंबई गाठायला जेवढा रस्ता लागतो, त्याहून जास्त, आणि सगळं पाणी. सात नौका निघाल्या. कामियच्या नौकेचं नावही कामियच होतं, १३ मीटर लांब, पोलादी अंगाची. फ्रेंच नौदलाच्या युद्धनौका सोबत होत्या, कारण एवढ्या लहान मोटरबोटींनी एवढा समुद्र ओलांडायचा म्हणजे जिवाशी खेळ आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या नौका आजच्यासारख्या पाण्यावरून उडणाऱ्या नव्हत्या. अरुंद, लांबट, कलिंगडाच्या फोडीसारख्या. त्या लाटेवर चढायच्या कमी आणि तिच्यात घुसायच्या जास्त. म्हणजे प्रत्येक लाट अंगावर. पायाशी साठलेलं पाणी उपसत राहायचं. जवळच पेट्रोलचं इंजिन, त्याची धग, त्याचा वास, कान फाटतील असा आवाज. खारं पाणी ठिणगीच्या जागी गेलं की इंजिन बंद. पेट्रोल गळलं तर आग. पुढचं टोक लाटेत गेलं की मागचा पंखा पाण्याबाहेर, म्हणजे वेग सोडण्या-देण्याचा तो खेळ तेव्हाही होताच, फक्त तासन् तास. आणि मागून लाट आली तर नौका आडवी व्हायला बघते, तेव्हा सुकाणूवरचा हात क्षणभरही ढिला पडून चालत नाही. मला मालवणला सात मिनिटांत कंबर धरावी लागली होती. कामियला हे दिवसभर करायचं होतं.

पहिला टप्पा पार पडला. मॅहॉनला काही दिवस थांबून नौका तुलोनच्या दिशेने निघाल्या. आणि समुद्र फिरला. वादळ उठलं. वाऱ्यापुढे त्या नौकांचं काही चालेना. एकेक इंजिन बंद पडत गेलं, नौका पाण्याने भरत गेल्या. युद्धनौकांनी दोर टाकून माणसं वर घ्यायला सुरुवात केली. उसळत्या समुद्रात लहान नौकेतून उंच जहाजावर चढणं म्हणजे काय, याची कल्पना करा. एका क्षणी जहाज डोक्यावर, दुसऱ्या क्षणी तुम्ही त्याच्या कठड्याच्या उंचीवर. हात घालायचा तोही नेमक्या क्षणी. कामिय आपली नौका घेऊन बराच वेळ टिकून होती. शेवटी तिला आणि तिच्या माणसांनाही नौदलाच्या जहाजावर घ्यावं लागलं. जिच्यावर स्वतःचं नाव होतं ती नौका तिला समुद्रातच सोडावी लागली.

एकही नौका स्वतःच्या बळावर तुलोनला पोचली नाही. बहुतेक बुडाल्या. माणसं मात्र वाचली. दोन महिन्यांनी निकाल लागला. शेवटच्या मुक्कामाच्या सगळ्यात जवळ पोचलेली म्हणून कामियला विजयी ठरवण्यात आलं. ज्या बाईच्या हाती वर्षभरापूर्वी रस्त्यावरचा वेग देणं धोक्याचं ठरलं होतं, तीच वादळात सगळ्यात पुढे गेली होती.

मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते बक्षीस नाही. वादळात नौका धरून ठेवायची आणि नौका सोडायची वेळ आली की सोडायची, हे दोन्ही तिला जमलं. पॅरिस-माद्रिदला तिने जिंकण्याचा नाद सोडला, कारण समोर माणूस मरत होता. इथे नौका सोडली, कारण आता आपल्या माणसांचे जीव मोलाचे होते. बावरलेल्या माणसाला हे जमत नाही. बावरलेला माणूस हातात जे असेल ते घट्ट आवळतो.

पुढची काही वर्षं ती मोरोक्कोत घोड्यावरून हिंडली, फ्रेंच सरकारसाठी तिथली माहिती गोळा केली. समुद्राने जे केलं नाही ते मात्र घराने केलं. १९१० मध्ये पोटच्या मुलीने, दियानने, पैशासाठी आईच्या घरात रात्री गुंड घुसवले. आईला मारायचा बेत होता. कामिय अंधारात त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा तो आव बघूनच ते पळून गेले. पण घाव लागायचा तिथे लागलाच. त्यानंतर शर्यती, साहसं सगळं तिने बाजूला ठेवलं.

मी समाजकार्यात असल्यामुळे असेल, पण तिचं यापुढचं आयुष्य मला जास्त जवळचं वाटतं. ती मुक्या जनावरांकडे वळली. फ्रान्सच्या प्राणिरक्षक संस्थेची ती अध्यक्ष झाली आणि शेवटपर्यंत राहिली. बैलांना भाल्यांनी भोसकून मारायच्या खेळाविरुद्ध तिने मोहीम चालवली. १९३० मध्ये साठी ओलांडलेली असताना मलँ गावात निदर्शकांना घेऊन ती थेट मैदानापर्यंत गेली. पॅरिसमधल्या गरीब बायका आणि अनाथ मुलं यांच्या औषधपाण्याची सोय तिने केली. पहिल्या महायुद्धानंतर स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या फ्रेंच संघटनेची ती उपाध्यक्ष होती. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं, तेव्हाही काम थांबलं नाही. एप्रिल १९४२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी ती गेली. फ्रान्सच्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला १९४४ मध्ये. बलूनमधून उडी मारणारी, भूमध्य समुद्र ओलांडायला निघालेली ही बाई आयुष्यात एकदाही मत देऊ शकली नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. आमच्या गटात जवळच्या खेड्यातली एक ताई आहे. हळद पावडर आणि मसाले करण्यात तिचा हात धरणारी कुणी नाही. पण माल वसमतला आणायचा तर एसटीच्या वेळा बघायच्या, नाहीतर नवऱ्याच्या सवडीची वाट बघायची. दोनदा चांगल्या ऑर्डरी हातच्या गेल्या. तिने स्कूटी शिकायची म्हटलं तर घरच्यांनी नाही म्हटलं. बाईचा जीव घाबरा, समोरून हळदीचा ट्रॅक्टर आला की गाडी सोडून देशील, असं त्यांचं म्हणणं. ती माझ्याकडे आली, मी दोन शब्द सांगीन या आशेने. आणि मी काय केलं? मीही म्हटलं, की राहू दे ग, तू आधीच लवकर घाबरतेस, कुठे हातपाय मोडून घेशील! ती काही बोलली नाही. चहा पिऊन गेली.

कामियवरच्या बंदीचं कारण वाचलं त्या दिवशी मला माझंच वाक्य ऐकू आलं. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधल्या मिशाळ साहेबांच्या पंगतीत मी वसमतला बसून जेवत होते!

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले, सासूबाईंशी बोलले, आणि माझीच स्कूटी घेऊन एका सुटीच्या दिवशी सकाळी मोकळ्या मैदानावर तिला उभं केलं. पहिल्याच फेरीत तिचं तेच झालं जे नव्याने शिकणाऱ्या सगळ्यांचं होतं. गाडी जरा डगमगली, ती घाबरली, घाबरून तिने मूठ आवळली, आणि मूठ आवळल्यावर वेग वाढतोच. गाडी सरळ बाभळीच्या झुडपात. गुडघा सोलवटला, परकर फाटला, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, की तुम्हीच बरोबर होता.

मी म्हटलं, नाही. फक्त एक लक्षात ठेव, घाबरलीस की मूठ सैल कर. आवळायची नाही, सोडायची.

मालवणच्या त्या पोराचंच हे शहाणपण. तीन आठवडे लागले. वीस वेळा मूठ सोडायला शिकली, तेव्हा एकविसाव्या वेळी वेग द्यायला शिकली. रीतसर परवाना काढला. आता हळदीच्या हंगामात, रस्ताभर पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर असताना, ती पायाशी मालाची पिशवी ठेवून येते. समोरून मोठं वाहन दिसलं की वेग सोडते, कडेला घेते, जाऊ देते, मग परत निघते. मागून पोरं हॉर्न वाजवतात. वाजवू देत. ती कुठे हरलेली नसते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात कुणी काही नवं शिकायला निघाली असेल, तर तिच्या स्वभावाचं प्रमाणपत्र आपण आधीच लिहून ठेवू नये. मी लिहिलं होतं, म्हणून सांगते. एखादी सकाळ तिच्यासाठी काढा, आणि आयोडीनची बाटली सोबत ठेवा. गुडघे सोलवटतील. ते भरून येतात.